साठ महिन्यांची पासबुकं

अमेरिकेत हॉस्पिटलातून नर्सिंग होममध्ये हलवलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पहिल्या वीस दिवसांचं बिल घरी येत नाही. ते मेडिकेअर भरतं. एकविसाव्या दिवसापासून रोजचे काही डॉलर आपले, २०२५ साली २०९ डॉलर ५० सेंट. शंभराव्या दिवसानंतर मेडिकेअर हात वर करतं. ‘शंभर दिवस मिळतात’ असं लोक एकमेकांना सांगत असतात, पण मिळतीलच असं नाही. नर्सची किंवा थेरपिस्टची कुशल सेवा रोज लागते आहे तोवरच मेडिकेअर पैसे देतं. आजोबांना आता फक्त उठवायचं, धुवायचं, भरवायचं एवढंच उरलं, असं ठरलं की तिसाव्या दिवशीही मदत थांबते. शिवाय आधी हॉस्पिटलात सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ म्हणून नोंद असावी लागते. खाट तीच, डॉक्टर तेच, सलाइन तेच, पण कागदावर ‘ऑब्झर्व्हेशन’, म्हणजे भरती न करता नुसतं देखरेखीखाली, असं लिहिलेलं असेल तर हे वीस दिवसही नाहीत. म्हणून हॉस्पिटलात असतानाच पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हा: पेशंट इनपेशंट आहे का ऑब्झर्व्हेशनमध्ये?

आपल्याकडे पुण्या-ठाण्यात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टर दांपत्याचं दहा खाटांचं हॉस्पिटल, बहुधा बाळंतपणाचं. अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे ज्याला एकट्याला संडासला जाता येत नाही, त्याने उरलेलं आयुष्य काढायची जागा. २०२४ च्या पाहणीत दोघांत एक खोली असेल तर तिथला वर्षाचा मधला खर्च १,११,३२५ डॉलर निघाला, स्वतंत्र खोलीचा १,२७,७५०. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्समध्ये याहून पुष्कळ जास्त. हा खर्च वर्षानुवर्षं उचलणारी सरकारी योजना बहुतेकांसाठी एकच, मेडिकेड. मेडिकेअरशी नावाचं साम्य आहे म्हणून गल्लत होते, पण मेडिकेअर वयाने मिळतं आणि मेडिकेड गरिबीने. ही गरिबी सिद्ध करावी लागते, आणि ती कशी, कधी, कोणत्या क्रमाने आली याचाही हिशेब द्यावा लागतो.

दोन्ही योजनांवर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ ला सही केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांनीच स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली आणि आशियातल्या इंजिनिअर-डॉक्टरांना दार उघडलं. त्या दारातून आत गेलेली मराठी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यामागून ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांचं प्रकरण वेगळं. १९९६ पासूनच्या कायद्यानुसार ग्रीन कार्डानंतर बहुतेकांना पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही, आणि मुलाने त्यांच्यासाठी सही केलेलं हमीपत्र त्यानंतरही आडवं येऊ शकतं. अशा घरांनी वकिलाकडे जाताना सगळ्यात वर ग्रीन कार्डाची तारीख लिहावी.

तारीख म्हणायचं कारण आहे. मेडिकेडचं गणित वरवर पैशांचं दिसतं. नियमावली उघडली की पहिला आकडा दिसतो तो २,००० डॉलरचा: बहुतेक राज्यांत अर्जदाराच्या नावावर याहून जास्त ‘मोजण्याजोगी’ मालमत्ता चालत नाही. १९८९ पासून तो आकडा जागचा हललेला नाही. तो बघून माणसं एकतर हबकतात, नाहीतर सगळं मुलाच्या नावावर करून मोकळी होतात. खरं काम आकड्यांत कमी असतं आणि तारखांत जास्त. चांगला एल्डर लॉ ॲटर्नी, म्हणजे वृद्धांच्या कायद्याचा वकील, जे विकतो ते मुख्यतः एवढंच: कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी करायची. पैसे दडवायच्या युक्त्या विकणाऱ्याकडे जाऊ नये.

एक उदाहरण नीट मांडून बघू. समजा न्यू जर्सीतलं एक जोडपं आहे. आजोबांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलंय, आजी घरी आहेत. दोघांचं मिळून मोजण्याजोगं २ लाख ४० हजार डॉलर आहे: बँकेतलं, म्युच्युअल फंडातलं, निवृत्तिखात्यातलं. (न्यू जर्सीत आयआरए हे निवृत्तिखातं दोघांचंही मोजतात. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये त्यातून नियमित पैसे काढत असाल तर मुद्दल मोजत नाहीत. एका राज्यातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या राज्यात का चालत नाही, ते यावरून कळावं.) घरावर ६० हजारांचं कर्ज बाकी आहे. घर मोजत नाहीत, कारण आजी त्यात राहतात.

१९८८ च्या कायद्यापासून घरी राहणाऱ्या जोडीदाराला वाटा ठेवता येतो. न्यू जर्सीसारख्या राज्यांत तो एकूण रकमेच्या निम्मा असतो. २०२५ साली त्याची खालची मर्यादा ३१,५८४ डॉलर आणि वरची १,५७,९२० होती. हे निम्मं कोणत्या दिवशीच्या रकमेचं, इथे सगळी मेख आहे. अर्जाच्या दिवशीच्या नव्हे. तीस दिवसांहून लांबलेला सलग मुक्काम ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशीच्या, किंवा त्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या. वकील त्याला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. त्या क्षणी फोटो काढला, त्यात जे दिसलं त्याचं निम्मं आजींचं.

आता आजोबांचं लक्षण दिसतंय म्हणून मुलाने घाईने, नर्सिंग होमच्या आधीच, साठ हजारांचं कर्ज फेडून टाकलं. फोटोत १ लाख ८० हजार दिसले. आजींचे ९० हजार, आजोबांचे २ हजार, उरलेले ८८ हजार खर्चायचे. हेच कर्ज फोटोनंतर फेडलं असतं तर फोटोत २ लाख ४० हजार दिसले असते. आजींचे १ लाख २० हजार. आजोबांचे २ हजार सोडून जे १ लाख १८ हजार खर्चायचे, त्यातूनच कर्ज फिटलं असतं. घर दोन्ही वेळा मोकळं झालं, कर्ज दोन्ही वेळा तेवढंच भरलं, पण आजींच्या हातात तीस हजारांचा फरक पडला. कुणी लबाडी केली नाही, कुणी काही लपवलं नाही, फक्त एक चेक दोन महिने आधी फाडला. कर्ज अंगावर ठेवू नये हा आपला संस्कार, आणि इथे तोच नडतो.

छप्पर शाकारणं, दात, कानातलं यंत्र, जुनी गाडी बदलणं, अंत्यविधीचे पैसे फ्युनरल होमकडे परत न घेता येतील अशा रीतीने आधी भरून ठेवणं, हे सगळं याच रांगेतलं. याला ‘स्पेंड-डाउन’ म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. अंत्यविधीचा विषय मराठी घरात जिवंत माणसासमोर निघत नाही, त्यामुळे तो कायमच शेवटी राहतो. वकिलाची फीसुद्धा याच खर्चात धरता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

दुसरी तारीख मागे जाणारी. ८ फेब्रुवारी २००६ ला अमलात आलेल्या कायद्याने ठरवलं, की अर्जाच्या आधीच्या साठ महिन्यांत जे जे कमी मोलाने दिलं ते सगळं तपासायचं. याला ‘लुक-बॅक’ म्हणतात. मुलाला घरासाठी दिलेले ९० हजार, नातीच्या कॉलेजचे १५ हजार, भाच्याच्या लग्नातला आहेर, देवळाच्या बांधकामाला दिलेली देणगी, सगळं एका रांगेत उभं राहतं. इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो वेगळा सांगायला हवा. आयकर खातं माणशी वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतची भेट करविवरणाबाहेर ठेवतं. २०२५ साली ती १९,००० डॉलर होती. ती सूट कराची. मेडिकेडला तिच्याशी देणंघेणं नाही. दर डिसेंबरला सीएच्या सांगण्यावरून दोन्ही मुलांना १९-१९ हजार देणाऱ्याने करात काही चूक केली नाही, पण मेडिकेडच्या वहीत ते दरवर्षीचं ३८ हजारांचं दान आहे.

त्या दानाचा दंड डॉलरांत होत नाही, महिन्यांत होतो. राज्य नर्सिंग होमचा एक सरासरी मासिक दर जाहीर करतं. दिलेल्या रकमेला त्याने भागायचं. समजण्यापुरता दर १२ हजार धरा: ९० हजारांना साडेसात महिने. तेवढे दिवस मेडिकेड पैसे देणार नाही. आणि हे साडेसात महिने ज्या दिवशी पैसे दिले त्या दिवसापासून मोजत नाहीत. माणूस नर्सिंग होममध्ये आहे, बाकी सगळ्या अटी पुऱ्या झाल्यात, खात्यात दोन हजारांच्या आत उरलेत आणि अर्ज दिलाय, तेव्हा ते सुरू होतात. म्हणजे खिसा पूर्ण रिकामा झाल्यावर. २००६ च्या आधी दंड भेटीच्या महिन्यापासूनच मोजायला लागायचे, म्हणून जुन्या लोकांचे जुने सल्ले आज उलटे पडतात.

यातच एक अर्ज लवकर देण्याचा सापळा आहे. समजा तीन वर्षांपूर्वी ४ लाखांचं घर मुलीच्या नावावर केलं. भागाकार तेहतीस महिन्यांच्या वर जातो, आणि या दंडाला वरची मर्यादा नाही. लुक-बॅक संपायला मात्र चोवीसच महिने उरलेत. आज अर्ज दिला तर तेहतीस महिन्यांचा दंड गळ्यात. चोवीस महिने कसेबसे स्वतःच्या पैशाने काढून मग अर्ज दिला तर दंड शून्य. उलट भेट ९० हजारांची असती तर थांबण्यात तोटा: चोवीस महिन्यांचे २ लाख ८८ हजार घालवण्यापेक्षा साडेसात महिन्यांचा दंड भोगणं स्वस्त. अर्ज कधी द्यायचा, हा निर्णय अर्ज कसा भरायचा यापेक्षा मोठा आहे. नर्सिंग होमच्या ऑफिसातून ‘अर्ज टाकून तर बघा’ असं सांगितलं जातं तेव्हा हे गणित कुणी केलेलं नसतं.

आता त्या साठ महिन्यांकडे जवळून बघू. केसवर्कर, म्हणजे अर्ज तपासणारा सरकारी कर्मचारी, प्रत्येक खात्याची पाच वर्षांची स्टेटमेंटं मागतो, बंद केलेल्या खात्यांचीसुद्धा. चार खाती असतील तर दोनशे चाळीस स्टेटमेंटं. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक नोंदीपुढे खुलासा हवा: पैसे कुठून आले, कुठे गेले, पावती कुठे आहे. एका नोंदीत ६,५०० डॉलर रोख काढलेले दिसतात. कशाला? भारतात जाताना. तिकिटं कुठली? तिथे काय केलं? बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन. पावती? तीन वर्षांपूर्वीच्या सांगलीतल्या दवाखान्याची पावती कोण जपून ठेवतं! मग ते ६,५०० दान. एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे दोन्हीकडे दिसेपर्यंत केसवर्करच्या लेखी ते नाहीसेच झालेले असतात. चेकच्या मागची-पुढची प्रत मागतात, आणि बँका जुन्या प्रतींना वेळ लावतात. पुष्कळ नकार ‘तुम्ही पात्र नाही’ म्हणून येत नाहीत, ‘मागितलेला कागद मुदतीत आला नाही’ म्हणून येतात. मुदत कधी दहा दिवसांची असते. चांगल्या वकिलाच्या ऑफिसात या कामाला एक पॅरालीगल, म्हणजे वकिलाची कागदपत्रं सांभाळणारी मदतनीस, असते, तिच्याकडे सगळ्या नोंदींचा तक्ता असतो, आणि अर्ज जाण्याआधीच तिने प्रश्न विचारून घरच्यांना भंडावून सोडलेलं असतं. तिच्यावर चिडू नये. वकिलाला नेमताना खरं तर तिलाच भेटून घ्यावं.

भारतातल्या मालमत्तेपाशी मराठी घरं अडखळतात. अर्जात जगभरातली मालमत्ता सांगायची असते आणि खोटं सांगणं गुन्हा आहे. कोथरूडचा फ्लॅट, बँकेतल्या एफडी, पोस्टातली बचत, गावाकडच्या जमिनीतला हिस्सा, सगळं. ‘तिथलं त्यांना काय कळतंय’ या भरवशावर राहू नये. एफडीचं व्याज अमेरिकेच्या करविवरणात असतं, परदेशी खात्यांची मिळून रक्कम १० हजार डॉलरच्या वर गेली की वेगळा अहवाल द्यावा लागतो, आणि केसवर्कर करविवरणं मागतो. तिथलं सगळंच मोजलं जातं असं मात्र नाही. विकताच येत नाही अशी मालमत्ता हाताशी नसलेली धरली जाऊ शकते. सात चुलत भावांच्या नावे असलेला, कोर्टात अडकलेला सातबारा घ्या. ते सिद्ध करायला उताऱ्याचं प्रमाणित भाषांतर, भारतातल्या वकिलाचं पत्र आणि दाव्याची कागदपत्रं लागतात. रोजच्या वापरातले, घराण्यातले दागिने साधारणपणे धरत नाहीत. गुंतवणूक म्हणून लॉकरमध्ये ठेवलेली सोन्याची बिस्किटं धरतात.

फ्लॅट विकायचा ठरला तर कुलमुखत्यारपत्र. इथे दोन देशांच्या कायद्यांत एक खोल फट आहे. अमेरिकेत ‘ड्युरेबल’ पॉवर ऑफ ॲटर्नी करतात. माणसाचं भान गेलं तरी ती चालू राहते, किंबहुना त्यासाठीच ती असते. भारताच्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मालकाचं मन थाऱ्यावर नाहीसं झालं की मुखत्यारी संपते. आईला स्मृतिभ्रंश झाल्यावर तिच्या नावचा पुण्यातला फ्लॅट तिच्या जुन्या मुखत्यारपत्रावर विकता येत नाही, कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. त्याला लागणाऱ्या काळात इथलं बिल थांबत नाही. फ्लॅटचा निर्णय आईला सही कशावर करतो आहोत ते कळतंय तोवरच घ्यावा. अमेरिकेतल्या पॉवर ऑफ ॲटर्नीतही एक गोष्ट तपासायची. छापील नमुन्यात मोठ्या भेटी देण्याचा, ट्रस्ट करण्याचा अधिकार बहुधा नसतो. तो स्पष्ट शब्दांत लिहिलेला नसेल तर ऐन वेळी मुलाच्या हातात कागद आहे पण करता काही येत नाही.

उत्पन्नाची अट वेगळी. न्यू जर्सी, टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत २०२५ साली महिन्याला २,९०१ डॉलरची मर्यादा होती. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि पेन्शन मिळून ३,१०० होत असतील तर दोनशे डॉलरने माणूस अपात्र. त्यावर तोड म्हणून ‘क्वालिफाइड इन्कम ट्रस्ट’ नावाचं वेगळं खातं काढतात आणि उत्पन्न दर महिन्याला त्यातून जाऊ देतात. युक्ती साधी आहे, चुका क्षुल्लक असतात आणि महागात पडतात. ट्रस्टचा कागद झाला पण त्या महिन्यात पैसे भरलेच नाहीत. न्यू जर्सीत पेन्शनचा पूर्ण चेक टाकायच्या ऐवजी वरचे दोनशेच टाकले. बँकेच्या काउंटरवरच्या मुलीने हे नाव कधी ऐकलेलंच नव्हतं आणि साधं बचत खातं उघडून दिलं. तेवढ्याने तो महिना बाद.

मग मदत कुणाची घ्यायची? फुकट मदतीपासून सुरुवात करावी. प्रत्येक राज्यात मेडिकेअरविषयी सल्ला देणारा ‘शिप’ हा सरकारी कार्यक्रम आहे, काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ‘एरिया एजन्सी ऑन एजिंग’ हे वृद्धांच्या मदतीचं कार्यालय आहे. एकटं माणूस, भाड्याचं घर, थोडी शिल्लक आणि पाच वर्षांत कुणाला काही दिलेलं नाही, अशा सरळ प्रकरणाला वकील लागतोच असं नाही. जोडपं, घर, भारतातली मालमत्ता किंवा दिलेल्या भेटी यातलं एक जरी असेल तर लागतो.

नर्सिंग होम स्वतःहून एक माणूस पुढे करतं: ‘हे तुमचा अर्ज भरून देतील, फी नाही.’ यात गैर काही नाही, पण त्याला पैसे कोण देतंय ते बघावं. त्याचं काम नर्सिंग होमचं बिल लवकरात लवकर चालू करणं आहे. आजींच्या हातात तीस हजार जास्त कसे राहतील ते तो सांगणार नाही. दुसरा गट हॉटेलात फुकट जेवण देऊन सेमिनार घेणाऱ्यांचा. शेवटी ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन हप्त्यांनी परत देणारी योजना, विकायची असते आणि तिच्यावर कमिशन असतं. मेडिकेडला चालणारी ॲन्युइटी खरोखर असते, घरच्या जोडीदारासाठी ती कधीकधी उत्तम तोडगाही ठरते. पण ती परत न फिरवता येणारी, सारख्या हप्त्यांची, आयुर्मानाच्या तक्त्यात बसणारी हवी आणि मागे उरलेल्या रकमेवर राज्याचा हक्क लिहिलेला हवा. सेमिनारमध्ये विकली जाणारी बहुधा तशी नसते. वकील नसलेल्या नियोजकांनी कायदेशीर सल्ला देणं, ट्रस्ट लिहून देणं ही बेकायदा वकिली आहे, असं फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं.

वकिलांत ‘सर्टिफाइड एल्डर लॉ ॲटर्नी’ हे प्रमाणपत्र बघावं. ते नॅशनल एल्डर लॉ फाउंडेशन परीक्षा घेऊन देतं. ते नसलेलेही चांगले वकील असतात, म्हणून प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षात याच काउंटीत मेडिकेडचे किती अर्ज दाखल केले? केसवर्करच्या पत्रांना उत्तर कोण देणार, तुम्ही का आम्ही? नकार आला तर अपिलाची सुनावणी या फीत आहे का? तुम्ही ॲन्युइटी विकता का? फी बहुधा ठोक असते आणि हजारांत असते. ती ऐकून दचकण्याआधी नर्सिंग होमच्या एका महिन्याच्या बिलाशेजारी ठेवून बघावी. इस्टेट प्लॅनिंगचा वकील आणि मेडिकेडचा वकील एक नव्हे, हेही लक्षात असू द्यावं. नेहमीचा, कधीही मोडता येणारा ‘लिव्हिंग ट्रस्ट’ प्रोबेट, म्हणजे मृत्यूनंतरची वारसाची कोर्टातली कारवाई, टाळतो, मेडिकेडसमोर मात्र तो पारदर्शक काच आहे. वाचवतो तो मागे न घेता येणारा ट्रस्ट, आणि तोही केल्याला साठ महिने उलटल्यावर. सत्तरीत, धडधाकट असताना करायची गोष्ट आहे ती. पक्षाघात झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

आणखी एक, वकिलाच्या केबिनमधलं. मुलगा गाडी चालवून घेऊन आलाय, फी तोच देतोय, फायलीही त्याच्याच हातात. वकील म्हणतो, ‘थोडा वेळ बाहेर बसता का?’ मुलाला ते लागतं. पण अशील आई आहे. घर मुलाच्या नावावर व्हावं असं तिलाही वाटतंय का, हे तिला एकटीला विचारल्याशिवाय कळायचं नाही, आणि उद्या दुसऱ्या भावाने कोर्टात शंका काढली तर हीच पंधरा मिनिटं उपयोगी येतात. जो वकील बाहेर बसायला सांगत नाही, त्याच्याबद्दलच विचार करावा.

घराबद्दल कायद्यात एक सवलत आहे: आई-वडिलांच्या घरात निदान दोन वर्षं राहून, त्यांचं नर्सिंग होममध्ये जाणं लांबेल अशी सेवा केलेल्या मुलाला ते घर दंडाशिवाय देता येतं. वाचून आपल्याला आनंद होतो, कारण सेवा तर आपण करतोच. पण आपल्याकडची मांडणी उलटी असते: म्हातारे मुलाच्या घरात राहतात. मग ही सवलत लागूच पडत नाही. मुलाच्या घराला खालची खोली जोडायला वडिलांनी दिलेले ८० हजार हे दान ठरतं. सुनेने नोकरी सोडून चार वर्षं केलेल्या सेवेचे पैसे मागाहून एकरकमी दिले तर तेही दान, कारण घरच्याने केलेली सेवा प्रेमापोटी होती असंच गृहीत धरतात. पैसे द्यायचे असतील तर आधी करार हवा. त्यात कामं, तास आणि बाजारभावाचा दर लिहिलेला, पैसे दर महिन्याला दिलेले आणि सुनेने त्यावर कर भरलेला. ‘आईचं करायचे पैसे घ्यायचे?’ हा प्रश्न ज्या घरात येतो त्या घराने तो निदान लवकर, सगळ्यांसमोर बोलून मिटवावा. घर मोजलं गेलं नाही म्हणजे ते सुटलं असंही नाही. वयाच्या पंचावन्नच्या पुढे दिलेल्या या मदतीची वसुली मृत्यूनंतर मालमत्तेतून करणं १९९३ पासून राज्यांवर बंधनकारक आहे. जोडीदार हयात असेपर्यंत ती थांबते.

नर्सिंग होमच्या ॲडमिशन करारातली एक ओळ. चाळीस-पन्नास पानांचा गठ्ठा असतो, रुग्णवाहिका दारात असते, आणि शेवटच्या पानावर मुलाच्या सहीपुढे ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ छापलेलं असतं. मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमला दुसऱ्या कुणाची वैयक्तिक हमी प्रवेशाची अट म्हणून मागता येत नाही. सही करायची तर ‘आईच्या वतीने, पॉवर ऑफ ॲटर्नीधारक’ असं लिहून. काही राज्यांत मुलांवर आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी टाकणारे कायदे अजून जिवंत आहेत. २०१२ साली पेनसिल्वेनियाच्या अपील कोर्टाने आईचं सुमारे ९३ हजार डॉलरचं बिल मुलावर कायम केलं, तेव्हा आईचा मेडिकेडचा अर्ज प्रलंबितच होता.

हे सगळं नैतिक आहे का, असं पापभीरू माणसं विचारतात, आणि विचारावं. अमेरिकेच्या काँग्रेसलाही तो प्रश्न पडला होता. १९९६ साली तिने अशी मालमत्ता देणं हा गुन्हाच ठरवला. लोकांनी त्या कायद्याला ‘आजीला तुरुंग’ असं नाव पाडलं. वर्षभरात तो बदलून आजीच्या ऐवजी सल्ला देणाऱ्याला गुन्हेगार केलं. १९९८ मध्ये ॲटर्नी जनरल जॅनेट रीनो यांनी आपण तो राबवणार नाही असं काँग्रेसला कळवलं, कारण जी गोष्ट करणं कायदेशीर आहे तिचा सल्ला देणं गुन्हा कसा? नियम जे देतात ते घेणं आणि नियमांपासून लपवणं यातली रेघ तेव्हापासून तरी स्पष्ट आहे.

अर्जावर निर्णय साधारण ४५ दिवसांत यावा असा संघीय नियम आहे. प्रत्यक्षात कागदांच्या फेऱ्यांत तो लांबतो. मागच्या तीन महिन्यांची बिलं मागता येतात. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने वृद्धांसाठी ही सवलत २०२७ च्या जानेवारीपासून दोन महिन्यांवर आणली आहे, म्हणजे उशीर आणखी महाग. नकार आला तर पत्रावरची अपिलाची मुदत आधी वाचावी.

मंजुरी आली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल माळ्यावर जाते. आजोबांची सोशल सिक्युरिटी आता नर्सिंग होमला जाते. न्यू जर्सीत त्यातले महिन्याला ५० डॉलर त्यांच्या हातखर्चाला राहतात. ते खर्च झाले नाहीत तर साठत जातात, आणि साडेतीन वर्षांत २,००० च्या पुढे जातात. दरवर्षी नूतनीकरणाचं पाकीट येतं. ते अर्जावर लिहिलेल्या पत्त्यावर येतं, आणि पुष्कळदा तो पत्ता नर्सिंग होमचा असतो. तिथे ते आजोबांच्या खाटेशेजारच्या खणात, चष्म्याच्या डबीखाली आणि वाढदिवसाच्या कार्डांखाली पडून राहतं. मंजुरीच्या आठवड्यातच काउंटीच्या ऑफिसात अधिकृत प्रतिनिधीचा फॉर्म भरून पत्रव्यवहाराचा पत्ता मुलीच्या घरचा करून घ्यावा, आणि पोच घ्यावी.